घरच्या मुलाम्याच्या तलवारीवरचा गंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाडच्या एमआयडीसीत मी 26 वर्षं प्लेटिंगचं काम केलं. निवृत्त झाल्यापासून सांगली, मिरज, तासगाव, अगदी साताऱ्याकडचेही लोक घरातली तलवार कापडात गुंडाळून आणतात किंवा तिचे फोटो पाठवतात. कुणाचे आजोबा लष्करात सुभेदार होते, कुणाचे पणजोबा संस्थानच्या चाकरीत होते. पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, "पुन्हा चकचकीत होईल ना?" दर दसऱ्याच्या आधी तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

तलवार हातात आली. आज लगेच काय करू?

फोटो काढा. खिडकीच्या तिरप्या उजेडात, पात्याच्या दोन्ही बाजू, मूठ, म्यान, आणि कुठे अक्षरं वा नक्षी दिसत असेल तर ती जवळून. मग कोरड्या सुती कापडानं धूळ टिपून घ्या. आजच्या दिवसाला एवढं काम पुरे. गंज चाळीस वर्षं तिथेच बसून आहे, आणखी आठ दिवसांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते उत्साहानं. पहिल्याच रविवारी मुलं काथ्या आणि राख घेऊन बसतात आणि तासाभरात जे घालवतात ते नंतर कुणालाच परत आणता येत नाही.

उघड्या हातानं पातं धरू नका. घामात मीठ असतं आणि बोटांचे ठसे महिन्याभरात गंजाच्या रूपानं उमटतात. औषधाच्या दुकानात मिळणारे नायट्राइलचे हातमोजे घाला.

म्यानातून निघतच नाही. ओढू का?

झटका देऊन नाही, पिळून नाही, आणि हातोडीनं तर मुळीच नाही. म्यान लोखंडी असेल तर तोंड वर करून ते उभं धरा, पात्याच्या दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडा आणि दोन दिवस तसंच उभं राहू द्या. मग सरळ रेषेत, हळूहळू ओढा. लष्करी तलवारींच्या बऱ्याच म्यानांच्या तोंडाशी दोन बारीक स्क्रू असतात. ते सोडवले की तोंडाचा भाग निघतो आणि पात्याला मोकळीक मिळते.

म्यान लाकडी असून वर चामडं किंवा मखमल असेल तर तेल घालू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आवळून धरतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तीच तलवार बहुधा आपसूक सुटते. तोवर थांबा. एक गोष्ट जिवाची आहे म्हणून सांगतो. जुन्या लाकडी म्यानाला धारेच्या बाजूनं चीर गेलेली असते. म्यान मुठीत आवळून पातं ओढलं तर त्या चिरेतून धार बाहेर येते आणि चारही बोटं कापतात. म्यान नेहमी धारेच्या उलट बाजूनं, तळहातावर आडवं पेलून धरा.

मुलामा कसला आहे हे घरी ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. पांढऱ्या कागदाशेजारी पातं ठेवा. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार असते. क्रोमची झाक निळसर, थंड, आरशासारखी. क्रोमच्या खाली बहुतेक वेळा निकेलचाच थर असतो, क्रोम वर नुसता पातळ पदरासारखा. चांदी असेल तर ती काळी पडते, गंधकाच्या वाफांनी, घरातल्या चांदीच्या समईसारखी. आणि ती मऊ असते, म्हणून जिथे हात लागतो तिथे झिजून खालचं लोखंड किंवा पितळ डोकावतं.

काळाचाही अंदाज बांधता येतो. विजेच्या साहाय्यानं निकेल चढवण्याचा धंदा 1870 च्या सुमारास मोठ्या प्रमाणात सुरू झाला आणि क्रोमचा 1920 च्या दशकाच्या मध्यात. म्हणजे शिवकाळातली म्हणून सांगितली जाणारी तलवार क्रोमची असेल तर एक तर ती तेवढी जुनी नाही, किंवा जुन्या पात्यावर कुणीतरी नंतर मुलामा चढवला आहे. हा दुसरा प्रकार आपल्याकडे बराच आढळतो, त्याबद्दल पुढे बोलू.

एका चुकीपासून मात्र जपा. पात्यावर गुळगुळीत, चमकदार, गुलाबीसर तांबडा डाग दिसला तर तो गंज नसून तांबं असू शकतं. बऱ्याच कामांत निकेलच्या आधी तांब्याचा पातळ थर देतात आणि वरचं निकेल झिजलं की तो दिसू लागतो. गंज खरखरीत असतो, भुकटी सोडतो, तांबं सोडत नाही. लोक त्या तांब्यालाच गंज समजून घासतात आणि लोखंडापर्यंत पोचतात. मग तिथे खरा गंज धरतो.

मुलामा आहे म्हणजे गंजू नये ना? मग गंजली कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की पुढचं अर्धं काम आपोआप नीट होतं.

मुलामा म्हणजे लोखंडावर घातलेला अंगरखा. निकेलचा थर साधारण 10 ते 25 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग ते चाळिसावा भाग. शोभेच्या क्रोमचा तर अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. एवढ्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतातच आणि ओरखड्यांनी नवी पडतात. त्या भोकातून दमट हवा खालच्या लोखंडापर्यंत जाते.

आता जस्ताची बादली आठवा. जस्ताचा थर ओरखडला तरी बादली लगेच गंजत नाही, कारण जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजतं. ते स्वतः जातं आणि लोखंडाला वाचवतं. निकेल नेमकं उलटं आहे. ते लोखंडापेक्षा टिकाऊ, त्यामुळे ओलसर जागी दोघं एकत्र आले की बळी लोखंडाचा जातो. वर निकेलचा पसारा मोठा आणि खाली उघडं पडलेलं लोखंड सुईच्या अग्राएवढं, म्हणून झीज सगळी त्या एका बिंदूवर एकवटते. बाहेरून तिळाएवढा ठिपका दिसतो, आत मात्र खड्डा खोल गेलेला असतो. शिवाय गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तो थराखाली पसरतो, थर उचलतो, फोड येतात आणि शेवटी पापुद्रे निघतात.

म्हणून तुम्हाला दिसतो तो गंज मुलाम्याचा नसतो, मुलाम्याखालच्या लोखंडाचा असतो. वरून घासलं तर जातो तो मुलामा, गंज आत तसाच राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो, आणि जुलै ते सप्टेंबर आपल्या कृष्णाकाठची हवा या मर्यादेच्या खाली क्वचितच येते.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोक, पितांबरी?

नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना जे मानवतं ते इथे घातक ठरतं. कोणतंही आम्ल त्या बारीक भोकांतून मुलाम्याखाली शिरतं, आणि आत शिरलेलं आम्ल धुऊन निघत नाही. पातं वरून दोन दिवस स्वच्छ दिसतं, तिसऱ्या आठवड्यात शेजारी नवे फोड येतात. निकेल निस्तेज होतं ते वेगळंच. गंज काढायची तयार रसायनं आणि बॅटरी चार्जर लावून बादलीत गंज सोडवायची युक्तीही मुलाम्याच्या तलवारीला लावू नका. ती साध्या लोखंडी अवजारांसाठी ठीक आहे.

सँडपेपर, वायर ब्रश, भांड्याची हिरवी घासणी, ड्रिलला लावायचं बफ (पॉलिशचं कापडी चाक), सगळं बाजूला ठेवा. त्या हिरव्या घासणीत काचेला ओरखडे पाडण्याइतके कठीण कण असतात.

मग काढायचा तरी कसा? पहिल्यापासून सांगा.

सामान साधं आहे: शिलाई मशीनचं तेल, जुनी मऊ सुती धोतरं किंवा बनियन, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, बांबूच्या काड्या, तांब्याची जाड तार, मऊ टूथब्रश, आणि जमलं तर सराफाकडे असतं तसं दहापट भिंग. टेबलावर जाड टर्किश टॉवेल दुमडून घाला, पातं त्यावर सपाट ठेवा, धार तुमच्यापासून पलीकडे. अणी टेबलाच्या काठाबाहेर येऊ देऊ नका. घरातली लहान मुलं आणि पंखा दोन्ही दूर.

आधी स्पिरिटच्या कापडानं पातं पुसून घ्या. वर्षानुवर्षांच्या पूजेचं तेल, कुंकू, धूर यांचा पिवळा थर निघतो आणि गंज वाटणारे कितीतरी डाग त्याच्यासोबतच जातात. मग उरलेल्या प्रत्येक डागावर तेलाचा थेंब ठेवा आणि एक पूर्ण दिवस सोडून द्या. तेल मुरतं, गंजाची पकड सैल होते.

दुसऱ्या दिवशी बांबूची काडी तिरकी छाटून पटाशीसारखं टोक काढा आणि त्या टोकानं गंज खरवडा. नखानं जितका जोर लावाल तितकाच. बांबू निकेलला ओरखडत नाही. जिथे बांबू हरतो तिथे तांब्याची तार हातोडीनं चपटी करून तिची कड वापरा. तांबंही निकेलपेक्षा मऊ आहे. तेल सतत असू द्या, कोरडं खरवडू नका, कारण सुटलेला गंजाचा कणच घासपूडसारखं काम करतो. दर दोन-तीन मिनिटांनी पुसा, नवं तेल घाला. हात नेहमी पात्याच्या लांबीच्या दिशेनं. गोल गोल फिरवलेल्या हाताचे ओरखडे पुढे कायम उजेडात चमकतात.

क्रोमचं पातं असेल तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉईल चुरगाळून, तेलात बुडवून हलक्या हातानं फिरवा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्यानं वरवरचा गंज सुंदर निघतो. चार शून्यांची बारीक स्टील वूल मी फक्त तिथेच वापरतो जिथे मुलामा आधीच पूर्ण गेलेला आहे आणि उघडं लोखंड आहे, तीही तेलात भिजवून, आणि तिचा एकही तंतू मागे राहणार नाही याची खात्री करून.

थांबायचं कधी, हे चिंधी सांगते. तिच्यावर तांबूस रंग येतोय तोवर गंज निघतोय. करडा-काळा रंग येऊ लागला की हात उचला. आता तुम्ही धातू काढताय. रोज वीतभर पातं झालं तरी खूप झालं. लष्करी तलवारीचं पातं 80-85 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे चार दिवसांत एक बाजू होते. मला स्वतःच्या तलवारीला तीन आठवडे लागले.

शेवटी पुन्हा स्पिरिटनं सगळं तेल काढा, केस वाळवायच्या ड्रायरची अगदी मंद हवा द्या आणि मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचे दोन पातळ हात लावा. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना हेच लावतात. ते ऑनलाइन मिळतं आणि छोटी डबी अनेक वर्षं पुरते.

मुलाम्याचे पापुद्रे उठलेत. ओढून काढले तर?

ओढू नका. एक पापुद्रा ओढला की शेजारचा चांगला थरही त्याच्याबरोबर येतो. कडेखाली तेलाचा थेंब जाऊ द्या, दोन दिवसांनी कापडानं टिपा, स्पिरिटचा बोळा फिरवा आणि वॅक्स पातळ लावून कडेत मुरवा. सुटलेला मुलामा परत चिकटत नाही, पण असा बसवलेला पापुद्रा आणखी पिढीभर टिकतो.

गंज गेला, पण काळे डाग आणि खड्डे राहिले. आरशासारखी होणार नाही का?

नाही. खड्डा म्हणजे तिथलं लोखंड निघून गेलेलं आहे. ते भरायचं तर भोवतालचं सगळं पातं खड्ड्याच्या तळापर्यंत घासावं लागेल. खड्ड्यातला घट्ट काळा थर मात्र लाल गंजासारखा खात सुटत नाही. कोरडा ठेवला तर तो तसाच शांत राहतो. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जाऊन शस्त्रं नीट बघा. 2024 च्या जुलैमध्ये लंडनहून आलेली वाघनखं तिथे ठेवली तेव्हा मी नातवंडांना घेऊन गेलो होतो. मुलं वाघनखांपाशी, आणि मी पात्यांच्या पृष्ठभागाकडे बघत उभा. डाग दिसतात, वय दिसतं. तेच बघायला आपण जातो.

मग पुन्हा निकेल किंवा क्रोम करून घेतलं तर?

याच धंद्यावर माझं घर चाललं, तरीही सांगतो, वारशाच्या तलवारीला पुन्हा प्लेटिंग करू नका.

प्लेटिंगच्या दुकानात काय होतं ते पाहा. आधी जुना थर आम्लात किंवा उलट्या करंटनं उतरवतात. मग खड्डे जाईपर्यंत एमरी आणि बफवर पातं धरतात. लष्करी पात्यावरची नक्षी, राजचिन्हं, नावं ही आम्लानं कोरलेली, अगदी उथळ असतात. खड्डे त्यांच्याहून खोल. खड्डे जायच्या आधी नक्षी जाते. 1998 साली एका गृहस्थांची तलवार मी स्वतः बफवर धरली होती. पात्यावर त्यांच्या पणजोबांचं नाव होतं. तलवार अशी झळाळली की ते खूश होऊन गेले, आणि आठ दिवसांनी परत येऊन विचारलं, "अहो, नाव कुठं गेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे निवृत्तीपर्यंत मी एकही जुनी तलवार बफला लावली नाही.

दुसरा धोका दिसत नाही. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन तयार होतो आणि तो कडक पोलादात शिरतो. असं पोलाद ठिसूळ होतं, आणि लवचीक पातं एखाद्या दिवशी काचेसारखं मोडतं. त्यासाठी प्लेटिंगनंतर लगेच, काही तासांच्या आत, 190 ते 220 अंश सेल्सिअसच्या भट्टीत माल कित्येक तास ठेवावा लागतो. बुलेटच्या मडगार्डचा पत्रा मऊ असतो, त्याला याची गरज नसते, म्हणून मडगार्ड करणाऱ्या छोट्या दुकानात ती भट्टी नसतेच. शिवाय भट्टीत घालायची तर मूठ उतरवावी लागते, आणि जुनी मूठ उतरवली की पहिल्यासारखी बसत नाही.

हल्लीची, लग्नात नवरदेवाच्या हाती द्यायला घेतलेली, कोरीव काम नसलेली तलवार असेल तर खुशाल करा. भट्टीचं विचारून मगच द्या.

पात्यावर इंग्रजी अक्षरं आणि मुकुट आहे. काय समजायचं?

ती राजाची आद्याक्षरं. व्ही.आर. असेल तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे 1901 पर्यंत. ई.आर. आणि रोमन सात असेल तर सातवा एडवर्ड, 1901 ते 1910. जी.आर. सोबत रोमन पाच असेल तर 1910 ते 1936, आणि रोमन सहा असेल तर त्यानंतरची. सिंहमुद्रा असेल तर प्रजासत्ताक भारतातली. मुठीलगत पात्यावर सहा टोकांचा तारा आणि मध्ये पितळी बिल्ला दिसला तर पातं वाकवून पारखलेलं आहे याची ती खूण. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, आकडे असतील तर ते जपून ठेवा. विल्किन्सनसारख्या कारखान्यांच्या पात्यांचं साल त्या क्रमांकावरून लागतं. हे सगळं वाचल्याशिवाय त्या भागाला काडीसुद्धा लावू नका.

आमचं पातं वक्र आहे, मूठ मराठा पद्धतीची, पण वरून निकेल. असं कसं?

जुन्या तलवारीला मागच्या पिढीत कुणीतरी हौसेनं "पॉलिश" करून घेतलेलं असतं. वाईट हेतूनं नव्हे, घरची वस्तू नवी दिसावी म्हणून. अशा थराखाली चांगलं पोलाद, क्वचित जोहराची, म्हणजे जुन्या पोलादातल्या नैसर्गिक नक्षीची, लहरही असू शकते. पण तो थर घरी उतरवायचा प्रयत्न करू नका. गंज थांबवा, वॅक्स लावा, आणि जुन्या शस्त्रांच्या जाणकाराला किंवा संग्रहालयातल्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

या तलवारींची मूठ पात्यावर लाखेनं किंवा राळेनं बसवलेली असते. उन्हात, गरम पाण्यात किंवा ड्रायरच्या कडक हवेत ती राळ मऊ होते आणि मूठ डुगडुगायला लागते. मुठीच्या टोकाशी उष्णता जाऊच देऊ नका.

पूर्वी हे काम शिकलगार करायचे. पाती घासणं, पारखणं, धार देणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. संस्थानांच्या काळात शस्त्रांचं काम कमी झालं तेव्हा मिरजेतल्या शिकलगार घराण्यांनी सतार आणि तंबोरे बनवायला घेतले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या वंशजांना. भोपळ्यावर आणि तुणीच्या लाकडावर हात फिरवताना ते कारागीर जी दाब न देता घासायची सवय दाखवतात, ती मला पात्यांच्या कामाची आठवण करून देते. मी ती त्यांच्याकडे बघूनच शिकलो.

मुठीचं काय?

लष्करी मुठीवर माशाची खरखरीत कातडी असते आणि तिच्यावर तार गुंडाळलेली. तिला ना तेल, ना पाणी. कोरडा मऊ ब्रश, फार तर किंचित ओलसर कापसाचा बोळा. तार सैल असेल तर ती ओढून नीट करायला जाऊ नका, दोऱ्यानं हलकेच बांधून ठेवा. पितळी भागावर हिरवी भुकटी असेल तर बांबूच्या काडीनं काढा. ब्रासो लावायचाच असेल तर चामडं आणि कातडीपासून लांब, कारण त्याची पांढरी पूड फटीत बसते ती कधीच निघत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या तलवारीचं?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरातला दिवाण पाण्यात होता आणि आजोबांची तलवार दिवाणात. पाणी ओसरल्यावर मी पातं धुतलं, पुसलं, तेल लावलं आणि समाधानानं म्यानात घातलं. म्यानाच्या आत लाकडी पट्ट्या असतात, त्या ओल्याच होत्या, चिखलानं भरलेल्या. खंडेनवमीला तलवार काढली तेव्हा टोकाकडचं हातभर पातं तांबडं झालं होतं. प्लेटिंगचं काम केलेल्या माणसाकडून ही चूक झाली, म्हणून कळकळीनं सांगतो: पातं सुकलं म्हणजे म्यान सुकलं असं नाही.

आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. लगेच टिपा, स्पिरिट फिरवा, सावलीत पंख्याखाली वाळवा. लोखंडी म्यानाच्या तोंडाचे स्क्रू काढून लाकडी पट्ट्या बाहेर घ्या, म्यान धुऊन उलटं टांगा आणि पट्ट्या किमान महिनाभर वेगळ्या वाळू द्या. तलवार तोवर बाहेरच राहील.

एरवी म्यानात ठेवायची की बाहेर?

बाहेर. चामड्यात कमावताना वापरलेले आम्लधर्मी पदार्थ असतात आणि चामडं, लाकूड दोन्ही दमटपणा धरून ठेवतात. तलवार सुती कापडात गुंडाळा, म्यान शेजारी वेगळं ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तापवून परत वापरा. भिंतीवर टांगायची असेल तर पावसाची झड लागणारी आणि स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत नको.

घरातलं कोणतं तेल चालेल?

खायचं एकही नाही. करडई आणि जवसाचं तेल हवेत सुकून व्हार्निशसारखं चिकटतं, शेंगदाण्याचं आणि खोबऱ्याचं खवट होऊन आम्ल बनतं. वॅक्स नसेल तर शिलाई मशीनचं तेल, तेही बोटाला जेमतेम लागेल एवढंच. ते दोन-तीन महिन्यांनी पुसून नवं लावावं लागतं.

खंडेनवमीला पूजा तर करायलाच हवी. मग?

जरूर करा. आमच्या घरीही होते. फक्त ओलं गंध, हळद-कुंकू आणि पाणी पात्यावर न लावता मुठीखालच्या कापडावर किंवा म्यानाच्या कोरड्या भागावर लावा. पात्यालाच लावायचं असेल तर वॅक्सचा थर असू द्या, कोरडं कुंकू वाहा आणि आरती झाल्यावर त्याच संध्याकाळी पुसून घ्या. झेंडूचा हार रात्रभर पात्यावर राहिला तर सकाळी प्रत्येक फुलाखाली डाग असतो. तलवारीनं कोहळा किंवा लिंबू कापायची रीत असेल तर ती घरातल्या कोयत्यावर किंवा विळीवर भागवा. कोहळ्याचं पाणी धारेच्या कडेनं मुलाम्याखाली शिरतं. आमच्या आईनं हा बदल ऐकून विचार केला आणि म्हणाली, "शस्त्राला इजा करून शस्त्राची पूजा कसली?" तेव्हापासून आमच्याकडे कोयता असतो.

धार लावून घेऊ का?

नको. धार लावताना कडेचा मुलामा जातो आणि गंजाला सरळ वाट मिळते. समारंभाच्या बऱ्याच तलवारी मुळातच बोथट असतात.

कायद्याचं काय? पोलिस विचारतील का?

1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची, घरकाम-शेतीसाठी नसलेली शस्त्रं मोडतात, म्हणून तलवार त्यात येते. ती घेऊन रस्त्यानं मिरवणं, वाढदिवसाला केक कापणं, फोटो टाकणं यावर गुन्हे दाखल होतात, हे आपण वाचतोच. दुरुस्तीला किंवा दाखवायला न्यायची असेल तर आधी आपल्या पोलिस ठाण्यात जाऊन सांगा, काय कागद लागतील ते विचारा आणि गुंडाळून, बांधून न्या. शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू ठरते आणि परदेशी नेता येत नाही. परदेशात असलेल्या मुलाला ती पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

एकदा केलं की किती दिवसांनी बघायचं?

वर्षातून तीनदा. मृगाच्या आधी वॅक्सचा नवा हात. श्रावणात, हवा सगळ्यात दमट असते तेव्हा, भिंगातून जुन्या डागांच्या कडा बघायच्या आणि पहिल्या फोटोंशी ताडून पाहायच्या. आणि दसऱ्यानंतर पूजेचं सगळं पुसून पुन्हा कापडात. एखाद्या डागाशेजारी ताजी नारिंगी भुकटी दिसली तर तेवढ्याच जागी तेल, बांबू, स्पिरिट, वॅक्स. पूर्ण पातं पुन्हा हाती घ्यायची गरज नाही.